चव्वेचाळीस सेकंदांच्या अलीकडे-पलीकडे

२६ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी दूरदर्शनवर संचलन पाहिलं. कर्तव्यपथावरून 'पिनाका' रॉकेट लाँचर गेला आणि जुना बीएम-२१ही. दोघं एकाच दिवशी दिसले हे बरं झालं. बीएम-२१ सोव्हिएत घडणीचा : १२२ मिमीच्या चाळीस नळ्या, टप्पा वीसेक किलोमीटर. पिनाकाच्या नळ्या बाराच, पण २१४ मिमीच्या. सहा-सहाचे दोन पॉड, म्हणजे नळ्यांचे जुडगे. पहिल्या आवृत्तीचाच टप्पा साडेसदतीस किलोमीटरच्या आसपास.

मासिकाला लेख कबूल केला आहे. जे वाचावं त्यात एकच आकडा पुढे येतो : ४४ सेकंद. सहा गाड्यांची बॅटरी तेवढ्या वेळात ७२ रॉकेटं सोडते. प्रत्येकाच्या टोकाशी सुमारे शंभर किलोचं वॉरहेड. म्हणजे मिनिटाच्या आत सात टनांहून अधिक मारा. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यावर लेख उभा राहायचा नाही. त्या ४४ सेकंदांच्या आधी काय लागतं आणि नंतर काय करावं लागतं, तिकडे बघायला हवं.

२८ जानेवारी, मंगळवार

पाषाणला बँकेचं काम होतं. येताना एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेच्या कुंपणाकडेने चालत आले. पिनाकाची आखणी इथली, आणि रॉकेटच्या पोटातल्या जळणाचं काम जवळच्याच एचईएमआरएल या दुसऱ्या प्रयोगशाळेचं. पुण्यातल्या निम्म्या रिक्षावाल्यांना या दोन फाटकांचे पत्ते ठाऊक असतात. आत काय चालतं ते विचारायची पद्धत नाही.

प्रकल्पाला मंजुरी डिसेंबर १९८६ मध्ये मिळाली. खर्च २६ कोटी ४७ लाख, मुदत डिसेंबर १९९२. प्रत्यक्षात पहिली रेजिमेंट उभी राहिली ती २००० साली. त्याच्या आदल्या वर्षी, कारगिलच्या युद्धात, पुरत्या चाचण्या व्हायच्या आधीच लाँचर डोंगरात नेले गेले होते. टाटा आणि एल अँड टीला उत्पादनाचे करार मिळाले ते २००६ मध्ये. वीस वर्षं! 'सरकारी काम' म्हणून हात झटकता येतील, पण तेवढ्याने उलगडा होत नाही.

एक रॉकेट उडवणं अवघड नाही. बारा रॉकेटं सारखी उडवणं अवघड. प्रोपेलंट ओतून घट्ट करताना कुठे पोकळी राहिली किंवा भेग पडली, की जळणारा पृष्ठभाग वाढतो, आतला दाब चढतो, जोर बदलतो. पहिलं रॉकेट आणि बाहत्तरावं रॉकेट एकाच घाटाचं असून चालत नाही, एकाच स्वभावाचं असावं लागतं. शिवाय थरच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत तो स्वभाव फार बदलता कामा नये.

३० जानेवारी, गुरुवार

दिवसभर वाऱ्याच्या मागे होते. तोफेचा गोळा नळीतून सुटतो तेव्हा त्याला मिळायचा तो सगळा वेग मिळालेला असतो. रॉकेटचं तसं नाही. ते नळीबाहेर येतं तेव्हा हळू असतं आणि मोटार अजून जळत असते. अशा वेळी आडवा वारा लागला तर शेपटीचे पंख वाऱ्याने ढकलले जातात आणि नाक वारा येतो त्या दिशेला वळतं, घराच्या छपरावरच्या वातकुक्कुटासारखं. मोटार त्याला त्याच वळलेल्या दिशेने रेटते. म्हणजे वारा डावीकडून असला तर रॉकेट डावीकडेच सरकतं! मोटार विझल्यावर मात्र तोच वारा त्याला उजवीकडे ढकलू लागतो.

म्हणून बॅटरीबरोबर वरच्या थरांतला वारा मोजायची सोय ठेवावी लागते. एवढं करूनही ३८ किलोमीटरवर एक टक्का चूक झाली तर ३८० मीटर. दिशादर्शन नसलेलं रॉकेट एखाद्या खिडकीवर नेम धरत नाही. ते अख्खं मैदान व्यापतं. ७२ हा आकडा पराक्रमाचा तितकाच नाइलाजाचाही आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

नाशिकरोड. मावसबहिणीचे सासरे तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. देवळालीच्या रेंजचे आवाज अजून घरापर्यंत येतात. त्यांची नोकरी सगळी ग्रॅडवर, म्हणजे बीएम-२१ वर. पिनाका त्यांनी तोफखान्याच्या 'तोपची' सरावात पाहिलेला.

मी विचारलं, "काका, डागताना सगळ्यात कठीण काय असतं?"

"डागणं कठीण नसतंच, ताई. डागून झाल्यावर तिथून उठणं. एवढा धूर, एवढी धूळ, रात्र असली तर आभाळभर उजेड. आम्ही कुठे आहोत हे शत्रूला ओरडून सांगितल्यासारखंच की. त्याचं रडार रॉकेटची वाट मागे मागे मोजत येतं. त्याचा गोळा पडायच्या आत आपण तिथे नसायला पाहिजे."

"मग ट्रक महत्त्वाचा?"

"ट्रक, ड्रायव्हर आणि आधी पाहून ठेवलेली वाट. वाट चुकली तर रॉकेट काय कामाचं?"

काकूंनी पोहे आणले. काका मग ड्रायव्हर लोकांविषयीच बोलत राहिले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मागे गेले, सोव्हिएत 'कात्युशा' रॉकेट लाँचरकडे. लाल सैन्याने ती पहिल्यांदा डागली १४ जुलै १९४१ रोजी, ओर्शाच्या रेल्वे स्थानकावर. बॅटरी कॅप्टन इव्हान फ्ल्योरोव्हची. त्या रॉकेटांवर वर्षानुवर्षं काम केलेले क्लेयम्योनोव्ह आणि लांगेमाक हे तेव्हा हयात नव्हते. स्तालिनच्या राजवटीने दोघांनाही जानेवारी १९३८ मध्ये गोळ्या घातल्या होत्या.

सुरुवातीच्या नमुन्यात रॉकेटांचे रूळ ट्रकवर आडवे बसवले होते, त्यामुळे डागताना ट्रक भयंकर हलायचा. मग रूळ लांबीच्या दिशेने बसवले. पिनाकाची गाडी डागण्यापूर्वी चार हायड्रॉलिक पाय जमिनीत रोवते, ती याच दुखण्यासाठी. दोन रॉकेटांमध्ये जेमतेम चार सेकंद. तेवढ्यात गाडी पुन्हा स्थिर झाली पाहिजे.

दुसरं दुखणं भरण्याचं. कात्युशाची ४२ किलोंची रॉकेटं माणसं उचलून रुळांवर चढवत. पिनाकाचं एक रॉकेट २७६ किलोंचं. इथे रिकामा पॉड क्रेनने उतरवून भरलेला चढवतात. रॉकेटं कारखान्यातूनच पॉडमध्ये बंद होऊन येतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दिल्लीत करार झाला : पिनाकाच्या दारूगोळ्यासाठी १०,१४७ कोटी रुपये. पुरवठादार नागपूरची इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज आणि पुण्यात मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडिया. पेपरात आकडा मोठ्या टाइपात. बातमीच्या पोटात दोन प्रकार : जास्त टप्प्याचं स्फोटक रॉकेट आणि 'एरिया डिनायल म्युनिशन'. दुसऱ्यात एका वॉरहेडमधून अनेक लहान बॉम्ब विखुरतात.

अशा शस्त्रांवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये झाला. भारत त्यात नाही. पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिका हेही नाहीत. सैन्याची बाजू समजते : पसरलेलं चिलखती दळ अडवायचं तर एकच मोठा स्फोट पुरत नाही. पण न फुटलेले बॉम्ब मागे राहतात, आणि युद्ध संपल्यावर त्या जमिनीत नांगर घालणारा शेतकरी सैनिक नसतो. लेखात हे टाळायचं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल भारत-फ्रान्स संयुक्त निवेदनात पिनाका! पंतप्रधानांनी फ्रेंच सैन्याला तो जवळून पाहायचं निमंत्रण दिलं. आर्मेनियाने तर आधीच घेतला आहे.

फ्रेंचांना रस कशात असेल? माझ्या मते मार्गदर्शित आवृत्तीत. त्या रॉकेटच्या पुढच्या भागात वळवता येणारे छोटे पंख आहेत आणि हैदराबादच्या आरसीआय या प्रयोगशाळेने घडवलेली दिशादर्शन यंत्रणा. डिसेंबर २०१९ मध्ये चांदीपूरला ते ७५ किलोमीटर गेलं. गेल्या नोव्हेंबरच्या चाचण्यांत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच : ही नवी रॉकेटं सैन्याकडच्या वापरातल्या, फक्त सुधारून घेतलेल्या लाँचरांवरून सुटली.

लेखाचा कणा इथे सापडतो. रॉकेट लाँचरला जखडलेलं असतं तर टप्पा वाढला की गाडीही नवी करावी लागली असती. पॉड सुटा ठेवल्यामुळे जुनी गाडी नव्या रॉकेटाला चालली. पण त्याच गाडीवर एका दिवशी एका पुलावर नेम धरणारं रॉकेट चढेल आणि दुसऱ्या दिवशी शेतभर बॉम्ब पेरणारं. क्रेनला दोन्ही पॉड सारखेच. कोणता उचलायचा हे पाषाणच्या अभियंत्याच्या हातात नाही, गाडीवरच्या जवानाच्याही नाही. ते ठरतं दिल्लीत, करारावर सही होते तेव्हा. म्हणून लेखाची सुरुवात ४४ सेकंदांनी करायची नाही; सहा तारखेच्या त्या सहीने करायची.