दुसरी बातमी

बातमीचं आयुष्य आठवड्याचं. नामपुरात हा हिशेब सोपा आहे, कारण इथला आठवडा एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत मोजला जातो. या बाजाराला ज्या गोष्टीवरून माणसं हमरीतुमरीवर येतात, ती पुढच्या बाजाराला काढून बघा. समोरचा 'ते झालं ना भाऊ आता' म्हणतो आणि कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करायला लागतो.

पेपरवाल्यांनी बातम्यांच्या तीन वाटण्या करून ठेवल्यात. राजकारण पहिल्या पानावर, आरोग्य आत, आणि विज्ञान रविवारच्या पुरवणीत, राशिभविष्याच्या शेजारी. मोसम नदीच्या या खोऱ्यात मात्र तिघांचं एकत्र कुटुंब आहे. दिल्लीत सही होते, इथे कांद्याचा लिलाव थांबतो, लिलाव थांबला की कुणाच्या तरी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ढकललं जातं. ते कुठल्या पानावर छापायचं?

या वाटणीपेक्षा मला जास्त खटकतं ते दुसरंच. आपल्याकडे पहिली बातमी उदंड आणि दुसरीचा दुष्काळ. काय घडलं हे पहिली सांगते. मग त्याचं काय झालं, ते दुसरीनं सांगायचं असतं. आमच्या अहिराणीत गोष्ट सांगणारा जरा थांबला की ऐकणारं पोरही विचारतं, 'मंग पुढे काय व्हयनं?' हेच पोर मोठं झालं, पेपर वाचायला लागलं, की हा प्रश्न विसरतं.

कांद्याचंच बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ७ डिसेंबरला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून ती लागू. म्हणजे ज्यानं आदल्या दिवशी ट्रॉली भरून ठेवली, त्याच्या मालाची किंमत तो झोपेत असताना बदलली. लिलावात व्यापारी ट्रॉलीच्या कडेवरून हात खुपसून तळातला कांदा वर काढतो, अंगठ्यानं मान दाबून बघतो, पत्ती चोळतो, आणि पुकारा सुरू होतो. दोन-तीन मिनिटांत चार-पाच महिन्यांच्या मेहनतीचा निकाल लागतो. त्या सकाळी मालात काडीची खोट नव्हती. भाव पडला तो न पाहिलेल्या एका कागदानं.

ही पहिली बातमी होती आणि ती सगळ्यांनी छापली. पुढे एप्रिलअखेर गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २ हजार टन निर्यातीची परवानगी मिळाली, तेव्हा इकडे संताप झाला, तोही छापून आला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. २० मेला आमचं मतदान होतं. नामपूरचा बागलाण तालुका धुळे लोकसभा मतदारसंघात येतो. तिथे भाजपचे उमेदवार, कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. सुभाष भामरे हरले आणि डॉ. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी आल्या. शेजारच्या दिंडोरीत डॉ. भारती पवार, त्या वेळच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री, भास्कर भगरे या शिक्षकाकडून लाखाहून अधिक मतांनी पडल्या. दोन मतदारसंघांत मिळून तीन डॉक्टर रिंगणात होते. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ का नसतो यावर एक सभा गाजल्याचं मात्र मला आठवत नाही. निकालानंतर मथळा ठरलेला होता: कांद्यानं केला वांदा.

मथळा खोटा नव्हता, अर्धा होता. दिंडोरीला तो बराचसा लागू पडतो. पण धुळ्याचा निकाल मालेगाव मध्यच्या एकगठ्ठा आघाडीवर फिरला, कांद्याच्या ट्रॉल्यांवर नाही. आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला याच बागलाणनं भाजपच्या दिलीप बोरसेंना मोठ्या फरकानं पुन्हा निवडून दिलं. तोच मतदार, तीच कांदाचाळ, तोच कांदा. मधल्या काळात लाडकी बहीण योजना आली होती, शुल्क निम्म्यावर आलं होतं, आणखीही पुष्कळ काही झालं असेल. पण 'कांद्याचा राग सहा महिन्यांत कुठे गेला?' हे विचारायला कॅमेरे परत आले नाहीत. शुल्क पूर्ण काढलं ते १ एप्रिल २०२५ ला. तोवर ती बातमी आतल्या पानावरची चौकट झाली होती. वीस महिने चाललेल्या धोरणानं नेमकं काय साधलं, शहरातल्या गिऱ्हाइकाचे किती वाचले आणि शेतकऱ्याचे किती बुडाले, परदेशातलं कुठलं गिऱ्हाईक कायमचं दुसरीकडे वळलं, हा ताळेबंद म्हणजे दुसरी बातमी. तो ज्यानं निर्णय घेतला त्यानं मांडायला हवा होता. त्यानं मांडला नाही, आम्हीही मागितला नाही.

आरोग्याच्या बातमीत हेच जास्त महागात पडतं. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळू लागले. कंगव्यात नव्हे, मुठीत. तीन-चार दिवसांत डोकं तुळतुळीत. चॅनेलनं लगेच 'टक्कल व्हायरस' असं नाव ठेवलं. कुणी शांपूला दोष दिला, कुणी पाण्याला. त्या गावांतल्या पोरांची लग्नं अडली, पाहुणे घरी पाणी प्यायला कचरू लागले. पहिल्या बातमीनं एवढं काम चोख केलं.

दुसरी बातमी एका म्हाताऱ्या डॉक्टरनं आणली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले, रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला. त्यांचा निष्कर्ष होता की रेशनच्या गव्हात सेलेनियम बेसुमार आहे आणि बाधितांच्या रक्तात जस्त कमी. सेलेनियम शरीराला लागतं, पण नखाएवढं. जास्त झालं की आधी केस जातात, मग नखं. रेशनचा गहू जिथून येतो त्या पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला काही पट्ट्यांतल्या मातीत ते मुळातच जास्त आहे, हे शेतीशास्त्राला कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. एप्रिलमध्ये त्याच गावांतल्या लोकांची नखं तडकून गळू लागली. तोपर्यंत चॅनेलच्या गाड्या दुसऱ्या गावी गेल्या होत्या. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव हे तेव्हा केंद्रात आरोग्य राज्यमंत्री. म्हणजे ज्या खात्यानं उत्तर द्यायचं, त्याचा मंत्री त्याच मातीतला. रेशनचा गहू दुकानात पोचण्याआधी त्यात काय काय तपासायचं, याचा नियम यातून बदलायला हवा होता. गहू इकडे नामपूरच्या रेशन दुकानातही येतोच की.

बावस्करांना पहिली बातमी व्हायची सवय नाही. १९७० च्या दशकात कोकणात विंचू चावला की धडधाकट माणूस रात्रीत जायचा. हे डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, खोकला लिहून काढत राहिले, आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी तिथे जीव वाचवते हे त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्याला वर्षं लागली. विज्ञानाची चाल पिकासारखी असते. पेरलं की उद्या उगवत नाही, आणि हंगाम संपल्याशिवाय काढता येत नाही. राजकारणानं मात्र बातमीची चाल उचलली आहे. रात्री अधिसूचना, सकाळी अंमल, दुपारी खुलासा.

उलट बाजूही सांगायला हवी. सावकाशी हा काही आपोआप सद्गुण होत नाही. 'अहवालाची प्रतीक्षा आहे' हे सरकारी वाक्य शास्त्रज्ञाच्या तोंडी संयम असतं आणि मंत्र्याच्या तोंडी पळवाट. पुण्यात त्याच जानेवारीत गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. पोट बिघडल्याचं निमित्त होतं आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय लुळे पडतात, काहींना श्वासासाठी यंत्र लागतं. बऱ्याच रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. संशय पाण्यावर गेला. यातली बरीच गावं २०२१ मध्ये महापालिकेत घेतली होती. कराची बिलं आली, शुद्धीकरण केंद्र आलं नाही, विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग टाकून काम भागवलं जात होतं. तिथे कुठल्या शास्त्रीय अहवालाची वाट बघायची गरज नव्हती. म्हणून चौकशी समिती नेमल्याची घोषणा वाचली की मी समजतो, दुसरी बातमी आता येणार नाही, याची ही जाहीर सूचना आहे.

आता आमच्या दारातलं. ही गोष्ट कधी पहिली बातमीसुद्धा झाली नाही. बागलाण डाळिंबाचा. भगवा या वाणानं इथे बंगले बांधले, पोरं पुण्याला शिकवली. मग तेल्या रोग आला. पानावर आधी तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग पडतो, उन्हाकडे धरलं की आरपार दिसतो. मग फळावर काळा ठिपका, आणि भरात आलेलं फळ उकलतं, भेग बरेचदा वाय या इंग्रजी अक्षरासारखी. आत दाणे लालबुंद, खायला गोड, बाजारात कवडीमोल. जेसीबी लावून बागा उपटल्या लोकांनी. रोग जिवाणूचा, त्यामुळे बुरशीनाशकाचा इलाज अपुरा. म्हणून कृषी सेवा केंद्रात शेतकरी मागतो, 'भाऊ, स्ट्रेप्टोच्या दोन पुड्या द्या.' सहा ग्रॅमची ती पुडी ताम्रयुक्त औषधाबरोबर टाकीत पडते आणि पाऊस लागून राहिला की पुन्हा पुन्हा पडते.

त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन आहे. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयावर लागू पडलेलं पहिलं औषध, १९४३ मध्ये मातीतल्याच एका जिवाणूपासून मिळालेलं. माणसाच्या छातीसाठी काढलेलं औषध आपण डाळिंबाच्या पानावर फवारतो. ते ओघळून मातीत जातं, तिथले जिवाणू त्याला सरावतात, आणि सरावलेपणाचा गुण एकमेकांना देतात. तेल्याच्या जिवाणूलाही सवय होते. मग शेतकरी मात्रा वाढवतो. जगात क्षयाचे सर्वांत जास्त रुग्ण आपल्या देशात. तेव्हा हा प्रश्न कृषीचा, आरोग्याचा की राजकारणाचा?

सरकारला तो कळला नव्हता असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं या दोन औषधांच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा काढला. १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद, असं त्यात होतं. ती तारीख उजाडली तेव्हा इकडे सगळ्यांच्या तोंडी कांद्याची निर्यातबंदी होती. ज्या बंदीनं आठवड्यात पोट जाळलं तिच्यावर रस्ता रोको झाला. जिच्यावर नातवंडांचं औषध चालणार की नाही हे ठरायचं आहे, तिच्यावर चहाच्या टपरीवर एक वाक्यही निघालं नाही. शेतकऱ्याला यात दोष देणं सोपं आहे आणि ते मला पटत नाही. पाच लाखांचा बहार झाडावर असताना पुडी न टाकायला सांगायचं, तर बदल्यात काहीतरी हातात द्यावं लागतं. निरोगी रोपं, मृग बहार सोडून कोरड्या हवेतला हस्त बहार, छाटणीची हत्यारं प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणं, बागेला विश्रांती. हे सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रासह सगळे सांगत आलेत. पण बांधावर येऊन ते पटवणारा कृषी सहायक महिन्यातून दिसतो आणि औषधाचा एजंट रोज. जो रोज दिसतो, त्याचं ऐकलं जातं.

पत्रकारांनाही मी फार बोल लावणार नाही. गावच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं, वाढदिवसाच्या जाहिराती आणल्या तरच त्याचं स्थान टिकतं. आमदाराच्या जाहिरातीखाली आमदाराला प्रश्न विचारणारी बातमी तो कुठून लावणार? मग दुसरी बातमी कुणी मागायची? ज्याला पुढचा आठवडा याच गावात काढायचा आहे, त्यानं.

आणि त्यासाठी पेपर लागतोच असंही नाही. महाराष्ट्रात गावच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, पाहणी होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं: लाल म्हणजे धोका मोठा, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी, पाच वर्षं हिरवं टिकवून साथ येऊ दिली नाही तर चंदेरी. आरोग्य, विज्ञान आणि राजकारण एवढ्याशा पुठ्ठ्यावर. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना आपण घरकुलाची यादी विचारतो, गटाराचा ठराव विचारतो. कार्डाचा रंग विचारत नाही. मागच्या वेळी पिवळं होतं तर कुठल्या विहिरीमुळे, आणि तिचं काय केलंत, हे विचारायला पत्रकार परिषद लागत नाही. उभं राहावं लागतं आणि उत्तर आल्याशिवाय खाली बसायचं नाही एवढं ठरवावं लागतं. सरपंच पहिल्यांदा हसेल, दुसऱ्यांदा चिडेल, तिसऱ्या ग्रामसभेला कागद घेऊन येईल. एवढं गावात जमलं नाही, तर कांद्याच्या धोरणाचा ताळेबंद दिल्लीकडे मागायचा आपला हक्क नुसता भाषणापुरता उरतो.