सोळा पानांची यादी

प्रिय सई,

बर्लिनच्या फुटपाथवरच्या, नाझींनी नेलेल्या बाईच्या पितळी स्मृतिपाटीचा फोटो मामाने मोठा करून पाहिला. ‘इथे राहत होती’, नाव, जन्मसाल, नेल्याची तारीख; दहा सेंटिमीटरात एवढंच मावतं. ‘मग तिच्या सामानाचं काय झालं?’ हा प्रश्न मात्र वकिलाच्या भाचीलाच सुचावा.

सामान मोजून नेलं. छावणीकडे रवानगी करण्याआधी बर्लिनच्या ज्यूंकडून सोळा पानी फॉर्म भरून घेत: खुर्च्या किती, पलंग किती, चादरी किती, बँकेत काय. मग बेलिफ येऊन किंमत लावी. २५ नोव्हेंबर १९४१च्या हुकुमाने देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता सरकारजमा झाली. बळजबरीने हद्दीपलीकडे नेलेला माणूसही त्यात धरला! दरोडाच, पण पंचनाम्यासकट.

युद्धानंतर तोच पंचनामा पुरावा ठरला. कारण वाचलेल्यांपाशी ना खरेदीखत, ना आईबापाच्या मृत्यूचा दाखला. छावणीतल्या मृत्यूचे दाखले द्यायला १९४९ साली आरोल्सन गावी खास नोंदणी कार्यालय उघडावं लागलं.

जर्मनीच्या अमेरिकी ताब्यातल्या विभागातला नोव्हेंबर १९४७चा कायदा क्रमांक ५९ मामाच्या विशेष आवडीचा. १५ सप्टेंबर १९३५नंतर ज्यूने घर विकलं असेल, तर ते दडपणाखालीच विकलं असं गृहीत. ‘आम्ही पुरते पैसे मोजले’ एवढं म्हणून घेणाऱ्याची सुटका नाही. नाझी नसते तरी हा व्यवहार झालाच असता, हे त्यानेच शाबीत करायचं. पश्चिम बर्लिनमध्ये असाच कायदा १९४९ साली आला.

पण दावेदार पांगलेले, कुणी शांघायला, कुणी ब्वेनोस आयरेसला. अर्ज कोण लिहिणार? १९४८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या युनायटेड रेस्टिट्यूशन ऑर्गनायझेशनने ते अंगावर घेतलं. तिथले बरेच वकील जर्मनीतूनच हुसकावलेले. १९३८ साली नाझींनी उरल्यासुरल्या ज्यू वकिलांचीही वकिली बंद केली होती. परदेशात त्यांच्या जर्मन कायद्याला कोण विचारतो? आता त्यालाच गिऱ्हाईक आलं. दावा जिंकला तर ठरावीक टक्के फी, हरला तर नाही.

घरसामानाची भरपाई पश्चिम जर्मनीच्या १९५७च्या कायद्याने पैशात मिळू लागली. पूर्व बर्लिनमधल्या घरांचे दावे मात्र १९९०पर्यंत खोळंबले.

ते फॉर्म आता पोट्सडामच्या अभिलेखागारात आहेत, तुझ्याकडून लोकलने जाता येईल. आणि फोटोतली पाटी शहराच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला, तेवढं आधी कळव.

तुझा,
मामा