वहिनींची गाठ

मी सुरतला उधन्यात वाढलो. धुळे-जळगावहून लूमवर कामाला आलेल्या आमच्या लोकांत तंबाखू-मावा घरोघरी, आणि तोंडाच्या कॅन्सरने गेलेली माणसंही लहानपणापासून पाहिलेली. त्यातून माझ्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला: जबड्याजवळ कॅन्सर म्हणजे तंबाखू, आणि कॅन्सर म्हणजे सहा महिने.

वहिनींच्या कानाखालच्या गाठीचा रिपोर्ट कॅन्सरचा आला तेव्हा मला आधी काळजी वाटायला हवी होती. पण मनात आलं ते हे, की चोरून मिसरी लावत असणार. दादाला तसं बोललोही. वर म्हणालो, आता ऑपरेशनवर पैसा घालून काय मिळणार? वहिनींना एका शब्दाने विचारलं नाही.

डॉक्टरांसमोर मात्र विचारलं, तेही वहिनींच्या देखत: "हे मिसरीनेच ना?" डॉक्टर म्हणाले, "ही लाळग्रंथीची गाठ आहे. गालाच्या, जिभेच्या कॅन्सरचं तंबाखूशी जसं नातं आहे, तसं हिचं नाही. बहुतेकांत कारण सापडतच नाही." वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, मला विचारायचं तरी." त्यांनी जन्मात मिसरी लावली नव्हती. गाठीपेक्षा माझ्या बोलण्याने त्यांची झोप उडाली होती, हे दादाने नंतर सांगितलं. आणि समजा, लावत असत्या, तरी? उपचार कुणाला मिळावेत हे ठरवणारा मी कोण होतो? हा प्रश्न अजून मला सोडत नाही. मी नुसता चुकीचा नव्हतो, निर्दय होतो.

"किती दिवस?" या माझ्या प्रश्नावर डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या नावावर बोट ठेवलं. लाळग्रंथींच्या कॅन्सरचे वीसहून जास्त प्रकार आहेत, प्रत्येकाची चाल निराळी. कमी ग्रेडचा म्युकोएपिडर्मॉइड पूर्ण काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. लाळनलिकेचा कॅन्सर झपाट्याने पसरतो. वहिनींचा अ‍ॅडिनॉइड सिस्टिक. तो सावकाश वाढतो, पण नसांच्या कडेने सरकतो. पाच वर्षं निघाली म्हणून सुटलो असं त्यात म्हणता येत नाही. दहा-पंधरा वर्षांनीही तो फुप्फुसात निघू शकतो. मात्र फुप्फुसात गेल्यावरही कित्येक जण वर्षानुवर्षं हिंडते-फिरते असतात. माझे सहा महिने कुठेच बसत नव्हते.

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. चेहऱ्याची नस पॅरोटिड या कानाजवळच्या लाळग्रंथीतूनच जाते. तिची एक फांदी काढावी लागली. उजवा डोळा पुरता मिटत नाही, त्यात थेंब घालावे लागतात. छातीचे स्कॅन चालू आहेत. वहिनी घर सांभाळतात, नातवाला शाळेत सोडतात.

कानाखाली किंवा जबड्याखाली गाठ लागली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. पॅरोटिडमधल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. कॅन्सर निघालाच, तर डॉक्टरांना त्याचा प्रकार विचारा, ग्रेड विचारा, तपासण्या किती वर्षं करायच्या ते विचारा. आजारी माणसाला मात्र, काय खात होतात, असं विचारू नका.