मंथरेच्या आधीची सारंगा

राजूर कॉलरी, ता. वणी, जि. यवतमाळ

चि. मनू,


नादियाच्या आधी आपल्या पडद्यावर धाडसी पोरगी होतीच कुठे, असं विचारलंस. होती गं, आणि नुसती धाडसी नव्हे, खट्याळही!

नादियाचा ‘हंटरवाली’ १९३५चा. त्याच्या आठ वर्षं आधी मोहन भवनानींच्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये सुलोचनानं एकटीनं आठ सोंगं वठवली. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, गोरी मड्डम, केळी विकणारी म्हातारी... नायिकेनं वेश पालटून अख्ख्या शहराला चकवावं, ही त्या मूकपटाची सगळी गंमत. सुलोचना म्हणजे पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स. सिनेमात येण्याआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. १९३६ साली तीच गोष्ट ‘बंबई की बिल्ली’ नावानं बोलपट होऊन आली.

मूळ मूकपट मात्र आज पाहायला मिळत नाही. तेव्हाची नायट्रेटची फिल्म झटकन पेट घ्यायची, दमट हवेत कुजायची. उरलेली कितीतरी रिळं चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले पूर्ण-अपूर्ण धरून जेमतेम तीसेक उरलेत.

त्या उरलेल्यांत ‘दिलेर जिगर’ आहे, १९३१चा, जी. पी. पवारांचा. कसरतीचे खेळ करून पोट भरणारी जोडी, हमीर आणि सारंगा. राज्य बळकावून बसलेल्या काळसेनाशी त्यांची गाठ पडते, तेव्हा सारंगा सुटकेची वाट पाहत बसत नाही. ती तोंडावर मुखवटा चढवते अन् तलवार उपसते. डग्लस फेअरबँक्सच्या ‘झोरो’ची छाप त्यावर उघड दिसते, पण तिकडे मुखवटा नायकाच्या तोंडावर होता, इथे तो नायिकेनं घेतला. हा बदल फार मोलाचा आहे.

सारंगा म्हणजे येवल्याची अंबा सगुण, आपली ललिता पवार! वय अवघं पंधरा.

कोळसा नि चुन्याच्या या गावात तिचं नाव काढलं की सगळ्यांना ‘रामायण’ मालिकेतली मंथरा आठवते, नाहीतर सुनेला छळणारी सासू. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं तिचा डावा डोळा अधू झाला, नायिकेची कामं सुटली. पुढं त्याच अधू डोळ्याला दुष्टपणाची खूण करून सिनेमानं वर्षानुवर्षं वापरलं. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसासारखी मायाळू बाई तिच्या वाट्याला क्वचितच आली. तिनं प्रत्येक भूमिकेचं सोनं केलं, हे खरंच. पण त्या सासवांखाली सारंगा पार झाकली गेली, याचं वाईट वाटतं.

तू पुण्यातच आहेस. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी करून ‘दिलेर जिगर’ पाहून घेजो. तलवारबाजीत तिचे पाय कसे पडतात, हमीर सोबत असताना कॅमेरा कुणाकडे जास्त वळतो, आणि हसू कुठे कुठे येतं, ते सविस्तर लिहिजो.

तुझी,
आत्या