पीक, डाळ आणि लाल रेघा

शिक्षक मुलाला माझ्याकडे पाठवतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: अभ्यासात लक्ष नाही. शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाने ती तक्रार निदान म्हणून स्वीकारायची नसते. मी मुलाला आधी डोळे आणि कान तपासून आणायला सांगते. फळाच दिसत नसलेल्या मुलाला 'मंद' म्हटलं जातं, हे मला सहन होत नाही. मग विचारते, सकाळी काय खाल्लंस, घरी कोण असतं? आईबाप हैदराबादला किंवा पुण्याला बांधकामावर गेलेले आणि मूल आजीपाशी, असं असेल तर लक्ष कुठे आहे हे कळायला चाचणी लागत नाही.

भालकीत याच्या जोडीला भाषेचा प्रश्न येतो. बिदर जिल्हा १९५६ साली हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला, पण इथल्या घरांत मराठी, कन्नड, दखनी, लमाणी त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होत्या. मूल आईशी मराठीत बोलतं, गल्लीत दखनीत, आणि मराठी माध्यमाच्या शाळेतही त्याला कन्नड शिकावी लागते. कन्नडच्या वहीत लाल रेघा वाढल्या की कुणीतरी 'डिस्लेक्सिया' म्हणून मोकळं होतं.

अशा वेळी मी चुका मोजत नाही, वाचते. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. मराठी कानाला हा भेद नवा. 'पीक' आणि 'डाळ' या अर्थांचे कन्नड शब्द फक्त पहिल्या ए-च्या लांबीने वेगळे होतात. तुरीच्या या मुलखातलं मराठी मूल ते दोन्ही सारखेच लिहितं. ही नव्या भाषेची चूक, ती सरावाने जाते. पण एखादं मूल मराठीतही जोडाक्षराशी अडतं, शब्दातले आवाज सुटे करून सांगू शकत नाही, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लावतं, आणि तीच गोष्ट तोंडी मात्र रंगवून सांगतं. तिथे मी थांबते. खरी अडचण दोन्ही वह्यांत दिसते, म्हणून एकच वही बघून मी कधीच मत देत नाही.

या व्यवसायाची सुरुवातच अशा मुलापासून झाली. १८९६ साली अमेरिकेत लायटनर विटमर यांच्याकडे एका शिक्षिकेने आणलेला पहिला मुलगा एरवी हुशार होता, शब्दलेखनात मात्र अडत होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० सालचं. दोन्ही भाषांतल्या मुलांचा एकत्र विचार करणारं ते काम आम्हा सीमाभागातल्यांना फार जवळचं वाटतं. तरी आजचं भालकीचं मूल त्या काळच्या मुलासारखं नाही, म्हणून नुसत्या बुद्ध्यंकावर त्याचं भवितव्य ठरवायला माझा ठाम विरोध आहे.

मूल विश्वासाने जे सांगतं ते शिक्षकखोलीत जात नाही. अपवाद त्याच्या जिवाला धोका असल्याचा, आणि लैंगिक अत्याचाराचा. तिथे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. हे मी मुलाला त्याला समजेल अशा शब्दांत आधीच सांगते. नंतर सांगणं म्हणजे त्याला फसवणं.

सगळ्यात जास्त वेळ जातो घरच्यांशी बोलण्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, दाखला मिळाला तर एसएसएलसीच्या परीक्षेत सवलत मागता येते. पण आजी विचारते, "बाई, पोराला उद्या लोक येडं म्हणतील का?"

मी म्हणते, "आजी, त्याचं डोकं चांगलंय. वाचायला त्याला वेळ जास्त लागतो, तेवढा वेळ परीक्षेत मिळावा म्हणून हा कागद." मग त्या मुलालाच सांगते, आजीला ती गोष्ट सांग. तो सांगतो, आजी ऐकते, आणि बऱ्याचदा सही त्यानंतर होते.