पिशवीत मावेल असा

आमचे चिरंजीव शिक्षणासाठी पुण्यास आजी-आजोबांकडे असतात. वर्षातून दोनदा आम्ही निजामुद्दीनला गोवा एक्सप्रेसमध्ये बसून त्यांच्या भेटीस जातो. सोबत लॅपटॉप असतो. कारण अकरा वर्षांचा मुलगा दूरच्या बापाशी बोलत नसला, तरी फुटबॉलचा खेळ खेळतो. परंतु कळफलक एक आणि हात चार! पुष्कळशा कळफलकांना तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी उमगतच नाही. गोल हुकतो आमचा आणि चिरंजीव म्हणतात, "बाबा, तुम्ही फार सावकाश आहात."

तेव्हा एका शनिवारी आम्ही नेहरू प्लेस गाठले. अट एकच : कंट्रोलर लॅपटॉपच्या पिशवीत मावला पाहिजे. पहिला किल्ल्यांच्या जुडग्यात शोभावा एवढा इवला. पण त्याला अंगठ्याने फिरवावयाच्या दांड्याच नव्हत्या. एक्सबॉक्सचा हातात छान भरला, पण पिशवीची चेन लागेना. अखेर एक चपटा पसंत पडला. त्याच्या दांड्या चुंबकाच्या जोरावर चालतात. एडविन हॉलने 1879 साली शोधलेले तत्त्व कारकुनाच्या अंगठ्याखाली यावे, ही मौजच! आत घासणारी पट्टी नसल्याने दांडी आपोआप सरकण्याचे दुखणे सहसा जडत नाही.

"दूसरा नहीं लेंगे, साहब?" दुकानदाराने विचारले.

नको म्हणालो. दोन असते तर चिरंजीव पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले असते. एक असला म्हणजे दुसऱ्याला कळफलकापाशीच बसावे लागते, आणि कोपराला कोपर लागते.

कंट्रोलर कोणी घ्यावयाचा, हे पुण्यास गेल्यावर ठरेल.