नागमोडी रेघेचा उच्चार

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' एम. ए. च्या वर्गात शिकवताना त्याच्या लिपीचा विषय बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांत आटोपला जातो. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण मराठीत रचले आणि ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे ठसे नव्हते. देशी लिपीचे ठसे पाडावेत ही स्टीफन्सची इच्छा होती. तसे त्याने १६०८ साली रोमला कळवलेही होते. ते झाले नाही. एवढे सांगून आपण भाषासौंदर्याकडे वळतो.

आम्हा दोघांना या दोन वाक्यांवर रेंगाळावे लागले ते एका विद्यार्थिनीमुळे. वांद्र्याच्या आमच्या महाविद्यालयात ती क्रिस्तपुराणाच्या भाषेवर लघुप्रबंध लिहीत आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. संगणकावर ती वाचते ते स्क्रीन रीडरच्या आवाजातून. 'एनव्हीडीए' हा विनामूल्य स्क्रीन रीडर मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियनांनी घडवला. करन यांनी त्याची सुरुवात २००६ साली केली. हे साधन नसते तर आमच्या या विद्यार्थिनीला मराठी साहित्यात संशोधन करणे किती जड गेले असते, याची कल्पना आम्हाला आहे.

तिचा हट्ट असा की अवतरणे मूळ रोमन पाठातच द्यायची आणि ती आपण स्वतः टंकायची. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी सुचवले की एवढा भाग बाहेरून टंकून आणावा, वांद्रे स्थानकाबाहेर डीटीपीची दुकाने काय कमी आहेत! ती शांतपणे म्हणाली, "टंकून कोणीही देईल, सर. पण चूक सापडली तर ती टंकणाऱ्याची की स्टीफन्सची, हे मला सांगता आलं पाहिजे ना?" पाठचिकित्सेची याहून नेमकी व्याख्या आम्ही तरी वर्गात केलेली नाही.

आता अडचण काय ते सांगतो. रोमन पाठात स्टीफन्सची मराठी साध्या सव्वीस अक्षरांत मावत नाही. 'ण' साठी एन् दोनदा येतो, तो सोपा. पण अनुनासिकासाठी स्वराच्या डोक्यावर पोर्तुगीज पद्धतीची नागमोडी रेघ येते, जिला 'टिल्ड' म्हणतात. आपल्या कळफलकावर ती डोक्यावर चढवायची सरळ सोय नाही. ऑल्ट दाबून उजवीकडच्या अंकपट्टीवर ०२२७ टंकले की नागमोडी रेघेचा 'ए' उमटतो. डोळस माणूस ही युक्ती एकदा पाहून घेतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याची मात्र पंचाईत अशी, की तीच अंकपट्टी पडद्यावरचा मजकूर ओळीओळीने आणि अक्षराअक्षराने तपासण्यासाठीही नेमलेली असते. नमलॉक चालू केला की अंक उमटतात, बंद केला की वाचन चालते. म्हणजे लिहायचे तर थांबून कळ फिरवायची, ऐकायचे तर पुन्हा फिरवायची. लॅपटॉपवर तर बहुधा अंकपट्टीच नसते.

दुसरा मार्ग 'यूएस इंटरनॅशनल' कळफलकाचा. त्यात आधी टिल्डची कळ दाबायची, मग 'ए' ची. पहिल्या कळीने काहीच उमटत नाही आणि काही ऐकूही येत नाही. अक्षर पुरे झाल्यावर आवाज येतो, "ए टिल्ड". डोळस टंकलेखकाला ही मुकी कळ चमत्कारिक वाटते. आमच्या विद्यार्थिनीला ती ओळखीची वाटली, कारण इन्स्क्रिप्टवर हलन्ताची कळ दाबून पुढच्या व्यंजनाची वाट पाहणे तिच्या बोटांना सवयीचे होते. तसे पाहिले तर आपली ऱ्हस्व वेलांटीही डोळ्याला व्यंजनाच्या आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. मराठीचे जुने टंकलेखन यंत्र डोळ्याचा क्रम मानी. युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कानाचा मानतात. या बाबतीत तिला आमच्यापेक्षा शिकायला कमी होते.

मग या रेघेची एवढी मातब्बरी कशाला, असे कोणी विचारील. 'फुलामध्ये' आणि 'फुलांमध्ये' यांत फरक फक्त एका बिंदूचा आहे आणि त्या बिंदूवर एक की अनेक हे अवलंबून आहे. स्टीफन्सची नागमोडी रेघ हे काम करते. ती गळली तर अनेकवचनाचे एकवचन होते, आणि ओवी तरीही बिनबोभाट वाचली जाते. डोळा अशा वेळी फार उदार असतो. गळलेले चिन्ह तो मनातच भरून घेतो आणि पुढे जातो. कृत्रिम आवाज असे औदार्य दाखवत नाही.

या निर्दयपणाचे एक उदाहरण वांद्र्याच्याच परिसरातले. साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडे होती ती चिमाजी अप्पांच्या १७३७-३९ च्या मोहिमेपर्यंत. पोर्तुगीज कागदांत वसईचे नाव शेपटीवाल्या 'सी' ने लिहिलेले असते. ती शेपटी, म्हणजे 'सेडिला', टंकायची राहिली की इंग्रजी आवाज गावाचे नाव 'बकाइम' असे काहीतरी वाचतो. ती मनापासून हसली होती. इथल्या गोन्साल्विस मंडळींच्या आडनावातही पोर्तुगीजांच्या काळी हाच 'सी' होता. पुढे शेपटी जाऊन साधा 'एस' आला. नाव बदलले असे कोणाला वाटले नाही, कारण उच्चार टिकला.

ब्रेलची गोष्ट याहून मौजेची आहे. लुई ब्रेल स्वतः फ्रेंच, त्यामुळे स्वराघाताची चिन्हे असलेल्या अक्षरांना त्यांच्या लिपीत स्वतंत्र घरे मिळाली. फ्रेंचमधला तिरक्या रेघेचा 'ई' म्हणजे सहाही ठिपके भरलेले घर. इंग्रजांना या अक्षरांची गरज नव्हती. त्यांनी ती घरे छोट्या शब्दांना देऊन टाकली. शेपटीवाल्या 'सी' च्या घरात इंग्रजीत 'अँड' राहतो! १९५१ साली मान्य झालेल्या भारती ब्रेलने आणखी वेगळे केले. 'क' ला 'के' चे आणि 'म' ला 'एम' चे घर दिले, आणि 'त' व 'ट' मात्र स्पष्टपणे निराळे ठेवले. म्हणजे ब्रेल शिकणारे मराठी मूल पहिल्या इयत्तेपासून रोमन घरांतली मराठी बोटांनी वाचत असते. स्टीफन्सची लिपी आम्हाला परकी वाटते तशी तिला वाटत नाही, यात नवल नाही.

तिला परकी वाटते ती वेगळीच मराठी. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर सुरेख देवनागरीत दिसतो, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. स्क्रीन रीडर तीच बडबडतो. एका कार्यालयाने लघुप्रबंध अशाच एका ठरावीक फाँटमध्ये हवा, असे तिला कळवले. म्हणजे स्वतः लिहिलेला मजकूर तिला स्वतःला वाचता येणार नाही अशा रूपात द्यायचा. अर्ज झाले, आम्ही दोघांनी पत्रे लिहिली, आणि बऱ्याच दिवसांनी युनिकोड 'अपवाद म्हणून' मान्य झाले. सतराव्या शतकात देवनागरी ठसे नव्हते म्हणून मराठी रोमन वेषात गेली, हे समजण्यासारखे आहे. आज ठसे असून तिने आतून रोमन आणि बाहेरून देवनागरी राहावे, याला काय म्हणावे? असो.

क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हाती आहे तो मुख्यतः जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून काढलेला रोमन पाठ आणि शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती. रोमन पाठाच्या पानांची छायाचित्रे यंत्राकडून वाचून घेतली, तर नागमोडी रेघा सर्वांत आधी गळतात. म्हणून एक मैत्रीण देवनागरी ओवी मोठ्याने वाचते आणि आमची विद्यार्थिनी रोमन ओवी अक्षरागणिक ऐकते. एनव्हीडीएमध्ये चिन्हांचे उच्चार बदलता येतात. तिने "ए टिल्ड" काढून तिथे सरळ "आं" घातले आहे. दोन पाठ जुळले नाहीत की ती थांबते, छापील पान मैत्रिणीकडून पाहवून घेते आणि ओवीचा क्रमांक नोंदवते. आजवरच्या तिच्या यादीतल्या निम्म्याहून अधिक जागा एक की अनेक, याच प्रश्नाच्या आहेत. पहिले पुराण संपत आले आहे. दुसरे व्हायचे आहे.